मागास, पसमांदा आणि पश्चात

मामू गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांचा थोरला मुलगा माझ्याकडे आला. त्याच्या हातात एका उर्दू वर्तमानपत्राचे कात्रण होते आणि त्यात मामूंच्या निधनाची चार ओळींची बातमी छापून आलेली होती. "सर, हेच मराठी पेपरला द्यायचंय. तुम्हीच करून द्या," एवढेच तो म्हणाला आणि ओट्यावर बसून राहिला. मामू म्हणजे परभणीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला गाद्या भरणारे पिंजारी. त्यांचे आणि आमचे रक्ताचे नाते नव्हते. परंतु वडीलधाऱ्या मुसलमान शेजाऱ्याला मामू म्हणण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे, आणि पुढे त्या हाकेचे नाते होऊन जाते. माझ्या लग्नातली गादी त्यांनी भरली होती आणि माझ्या वडिलांच्या अखेरच्या आजारपणात पडून पडून अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून ती उसवून, कापूस पुन्हा पिंजून, त्यांनीच ती मऊ करून दिली होती.

उर्दू मला वाचता येते ती वडिलांमुळे. आम्ही वडिलांना दादा म्हणत असू. दादा निजामी राजवटीत चौथीपर्यंत उर्दूतून शिकले होते आणि जमिनीची जुनी कागदपत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागू नयेत, या एकाच हेतूने त्यांनी मला ती लिपी शिकवली. कात्रणाचे भाषांतर करायला मला दहा मिनिटे पुरली असती. परंतु शेवटच्या ओळीपाशी मी थांबलो. "मरहूम के पसमांदगान में अहलिया, दो बेटे और तीन बेटियाँ शामिल हैं." अर्थ उघड होता. मागे पत्नी, दोन मुलगे आणि तीन मुली आहेत. मी अडखळलो ते त्या शब्दावर. काही वर्षांपूर्वी याच गल्लीच्या भिंतीवर एका सभेचे पत्रक चिकटवलेले मी पाहिले होते आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'पसमांदा' असे लिहिलेले होते. तिथे त्याचा अर्थ होता मागासलेले. मुसलमान समाजातल्या ज्या जातींना पिढ्यान्पिढ्या मागे राहावे लागले, त्या जाती. एकच शब्द मागासलेल्यांसाठी आणि तोच शब्द माणूस गेल्यावर मागे उरलेल्यांसाठी कसा, हा प्रश्न त्या दिवशी मनात आला आणि तो अजून गेलेला नाही.

शब्द फारशी आहे. 'पस' म्हणजे मागे आणि 'मांदा' म्हणजे राहिलेला. 'पेश' म्हणजे पुढे; त्या शब्दाची लेकरे मराठीत पेशवा, पेशगी, पेशकार अशी भरपूर आहेत, परंतु 'पस' आपल्याकडे फारसा रुजला नाही. उर्दूत मात्र काय करावे हे न सुचून मागे-पुढे होण्याला 'पसोपेश' म्हणतात. 'मांदा'ची गोष्ट याहून अधिक लागणारी आहे. फारशीत त्या शब्दाचा एक अर्थ उरलेला असा आहे आणि दुसरा अर्थ दमलेला असा आहे. हिंदी-उर्दूत आपण 'थका-माँदा' ऐकतो, त्यातला माँदा तो हाच. जो उरला तो आणि जो दमला तो, यांच्यासाठी त्या भाषेने एकच शब्द ठेवला, यामागे कुठल्या तरी लांबच्या वाटचालीचा अनुभव असावा असे मला वाटते. काफिला पुढे जातो, दमलेला माणूस वाटेत बसतो, आणि संध्याकाळी मोजणी होते तेव्हा तो मागे राहिलेला असतो.

मराठी वर्तमानपत्रात अशा बातमीची शेवटची ओळ ठरलेली असते. "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले असा परिवार आहे." 'पश्चात' हा शब्द मी त्यापूर्वी शेकडो वेळा वाचला होता, विद्यार्थ्यांना निबंधात वापरायला शिकवला होता, परंतु तो उर्दू ओळीशेजारी लिहिताना प्रथमच जाणवले की 'पस' आणि 'पश्चात' या एकाच घरच्या बहिणी आहेत. संस्कृतातले पश्चात् आणि फारशीतले पस हे दोन्ही एका प्राचीन मुळापासून आलेले आहेत. पश्चिम हाही त्याच घरातला. पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीमागे येते ती पश्चिम. ज्या युरोपीय देशांना आपण पुढारलेले म्हणतो, त्यांना आपण दिलेले 'पाश्चात्त्य' हे नाव पाठीमागचे याच अर्थाचे आहे. तोंड कुठे करून उभे राहिलो, यावर कोण पुढे आणि कोण मागे हे ठरते, आणि एरवी भूगोलात कुणालाच मागे म्हणता येत नाही.

मी मराठीचा शिक्षक म्हणून अठ्ठावीस वर्षे काढली. तरीही 'मागास' हा शब्द मला आधी शाळेत भेटला नाही, तो शेतात भेटला.

आमचे गाव दुधना नदीच्या अलीकडे, काळ्या जमिनीचे. तिथे 'मागास' हे माणसाचे विशेषण नव्हतेच. ते पावसाचे होते, पेरणीचे होते, पिकाचे होते. 'यंदा पाऊस मागास झाला', 'खालच्या वावरातली ज्वारी मागास हाय', 'मागास पेरलं, बघावं काय होतंय' अशी वाक्ये आमच्या ओट्यावर जूनपासून ऑगस्टपर्यंत चालत. त्याच्या जोडीचा शब्द 'आगास'. कुणी आगात-मागात असेही म्हणत. मृगात चार दिवस बरा पाऊस झाला, जमीन ओलावली, वाफसा आला आणि चाड्यावर मूठ धरली, की ती आगास पेरणी. मृग कोरडा गेला, आर्द्राही शिंतोडे टाकून गेली, पुनर्वसूच्या तरण्या पावसाने कशीबशी जमीन भिजवली आणि मग तिफण चालली, की ती मागास. दोन्ही शब्द वेळेचे होते. त्यात बियाण्याचा दोष नव्हता, जमिनीचा नव्हता आणि तिफण धरणाऱ्याचा तर नव्हताच.

मला इथे शेतीतल्या शब्दाला उगाच गोडवा चढवायचा नाही. मागास पेरणीची किंमत मोजावी लागते, हे दादांना कुणापेक्षाही नीट माहीत होते. उशिरा पेरलेल्या खरीप ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते, कोवळ्या रोपाचा पोंगा वाळतो आणि ताटच उभे राहत नाही. मूग आणि उडीद यांचे दिवसच थोडे, त्यामुळे जुलैचा मध्य ओलांडल्यावर ते पेरण्यात अर्थ नसतो. तूर सोसते, बाजरी सोसते. कुठले पीक किती उशीर सोसते, याचा हिशेब परभणीच्या कृषी विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठी छापून ठेवलेला आहे आणि तो दादांच्या तोंडी हिशेबाशी बराच जुळतो. म्हणजे मागास असण्याने तोटा होतो, उतारा घटतो, कर्ज वाढते, हे सगळे त्या शब्दात होतेच. परंतु मागास का झाले, हे त्याच वाक्यात सांगितलेले असे. पाऊस उशिरा आला. बैल वेळेवर मिळाला नाही. बियाणे उधारीवर मिळायला आठ दिवस गेले. कारण सांगितल्यावाचून 'मागास' हा शब्द पुरा होत नसे. १९७२ साली मी दहा वर्षांचा होतो; त्या वर्षी आमच्या वावरात आगास-मागास असे काहीच उरले नाही, आणि दादा-आई दोघेही दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. त्या वर्षी गावातल्या कुणीही कुणाला मागास म्हटल्याचे मला आठवत नाही.

शब्दाच्या मुळाकडे गेले तर आणखी एक गोष्ट हाती लागते. 'मागे' हा शब्द संस्कृत 'मार्ग' यातून आला आहे. माग म्हणजे वाट, पाऊलखूण. माग काढणे, मागोवा घेणे यांत तो अर्थ अजून शिल्लक आहे. चालून झालेली वाट आपल्या पाठीमागे असते, म्हणून 'वाटेवर' याचा अर्थ हळूहळू 'पाठीमागे' असा झाला. विद्यार्थ्यांना हे सांगताना मला नेहमी आनंद होत असे.

गावातून परभणीला शिकायला आलो तेव्हा हाच शब्द मी एका पाटीवर पाहिला. मागासवर्गीय मुलांचे वसतिगृह. शेतातला ओळखीचा शब्द इथे एका इमारतीवर कायमचा रंगवलेला होता. पीक मागास असले तरी पुढच्या हंगामात ते आगास असू शकते. पाटीवरच्या शब्दाला तसा हंगाम नव्हता. त्या वेळी मला एवढे कळले नाही. कळले ते फार पुढे, आणि तेही माझ्या स्वतःच्या चुकीतून.

मी शिक्षक झालो त्या शाळेत दर जूनमध्ये कार्यालयाकडून एक सूचना येई आणि वर्गशिक्षकाने ती वाचून दाखवायची असे. "मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीचे अर्ज कार्यालयातून घेऊन जावेत." मीही ती वाचत असे, मोठ्याने, स्पष्ट उच्चारांत. एका वर्षी आठवीच्या वर्गातला एक मुलगा अर्ज घ्यायला गेलाच नाही. मुदत संपल्यावर यादी पाहताना ते माझ्या लक्षात आले. मी त्याला बोलावून विचारले, तेव्हा तो खाली पाहत म्हणाला, "सर, मी मागास नाही. मी मराठीत पहिला आलो नं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. वर्गात वाचल्या गेलेल्या वाक्याचा त्याने सरळ अर्थ घेतला होता आणि तो अर्थ मराठी भाषेच्या दृष्टीने बरोबर होता. त्या वर्षीची शिष्यवृत्ती त्याला मिळाली नाही. त्याचा बाप शेतमजूर होता आणि ती रक्कम त्या घरात लहान नव्हती. त्यानंतर मी ती सूचना कधीही वाचली नाही. ज्यांना अर्ज द्यायचे त्यांना एकेकट्याला बोलावून ते हाती देत गेलो आणि हा तुझ्या हक्काचा पैसा आहे, एवढेच सांगत गेलो. परंतु त्या एका वर्षाची भरपाई मला करता आली नाही, आणि ती सल अजूनही आहे.

त्या मुलाच्या उत्तराने मी व्याकरणाकडे नव्याने पाहू लागलो. मागासलेला हे 'मागासणे' या क्रियापदाचे रूप आहे आणि ते क्रियापद अकर्मक आहे. वाळणे, सुकणे, कुजणे, कोमेजणे यांसारखे. वाळलेले झाड, सुकलेले फूल, मागासलेला समाज. या सगळ्यांत जे घडले ते आपसूक घडले असे भाषा सांगते. कुणी वाळवले, कुणी पाणी तोडले, हा प्रश्न विचारायला वाक्यात जागाच उरत नाही. त्याऐवजी 'मागे ठेवलेला' असे म्हणून पाहावे. ठेवणे सकर्मक आहे, त्यामुळे कोणी ठेवले हे ऐकणाऱ्याच्या मनात लगेच येते. ज्यांना पाणवठ्यावर जाऊ दिले नाही, शाळेच्या पायरीवर बसवले, गावकीच्या कामाच्या मोबदल्यात शिळे अन्न दिले, त्यांच्याविषयी बोलताना आपण अकर्मक क्रियापद वापरतो, ही केवळ शब्दांची सवय आहे असे मला वाटत नाही. आपले संविधान तयार करणाऱ्यांना ही बाजू ठाऊक होती. म्हणून ३४०व्या अनुच्छेदात 'सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या' अशी विशेषणे जोडूनच मागासलेपण आले आहे. कशाच्या दृष्टीने मागे, हे सांगितल्यावाचून तो शब्द तिथे एकटा सोडलेला नाही. त्याच अनुच्छेदान्वये १९५३ साली नेमलेल्या पहिल्या मागासवर्ग आयोगाचे अध्यक्ष मराठी घरात जन्मलेले काका कालेलकर होते. त्या आयोगाने १९५५ साली २,३९९ जाती मागास म्हणून नोंदवल्या आणि त्यांपैकी ८३७ अतिमागास ठरवल्या. आणि अहवाल सादर करताना खुद्द कालेलकरांनीच जात हा निकष मानण्याविषयी आपला विरोध पत्रातून कळवला. पुढे मंडल आयोगाचा अहवाल आला, १९९० साली तो अंमलात आणण्याची घोषणा झाली आणि शब्द घरोघरी पोहोचला. तो इतिहास सर्वांना माहीत आहे.

माझ्या मनात घोळत राहते ती मामूंच्या नातीची गोष्ट.

ती बारावीला होती तेव्हा तिच्या जातीच्या दाखल्यासाठी मामू माझ्याकडे कागद घेऊन आले होते. पिंजारी, पिंजाऱ्यालाच उर्दूत म्हणतात तो नद्दाफ, मन्सुरी ही नावे महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन हीही आहेत. यादीत नाव असणे मात्र पुरत नाही. इतर मागासवर्गाच्या दाखल्यासाठी घराण्याचा १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा लागतो. मराठवाड्यात असा पुरावा शोधणे म्हणजे निजामी काळातल्या उर्दू आणि मोडी नोंदींत शिरणे असते. मामूंच्या शाळाप्रवेशाचा जुना उतारा निघाला, त्यात 'क़ौम' या रकान्यात एकच शब्द होता, मुसलमान. कार्यालयात सांगण्यात आले की यावरून जात सिद्ध होत नाही. आयुष्यभर पिंजणाची तार छेडलेली, नाकातोंडात कापसाचा भुगा गेलेला, गल्लीत ज्याला पिंजारी या नावावाचून कुणी ओळखले नाही, त्या माणसाला आपण पिंजारी आहोत हे कागदावर दाखवता येत नव्हते. आम्ही दोघे तीन आठवडे फिरलो. शेवटी मामूंच्या थोरल्या भावाच्या प्रवेशाची नोंद एका जीर्ण रजिस्टरात सापडली आणि त्यात कुणा काळजीवाहू उर्दू शिक्षकाने 'नद्दाफ' असे लिहून ठेवलेले होते. मी तो शब्द मोठ्याने वाचला तेव्हा मामूंनी मला पुन्हा वाचायला लावला.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "सर, इतके दिवस मशिदीत सगळे एक म्हणायचो. आता पोरीसाठी मीच मागास म्हणून शिक्का मागायलो." त्यांना लाज वाटत होती की विसावा, हे मला तेव्हा ओळखता आले नाही. दोन्ही असावीत.

हा शिक्का स्वतः मागून घेण्याला एक इतिहास आहे आणि त्याचा एक धागा मराठवाड्यातूनच जातो. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली. दिलीपकुमार यांच्यासारखा नामवंत अभिनेता त्यांच्या पाठीशी उभा राहिला. पुढे १९९८ साली पाटण्यात अली अन्वर यांनी पसमांदा मुस्लिम महाज ही संघटना स्थापन केली आणि 'पसमांदा' हा शब्द देशभरच्या चर्चेत आला. मुसलमान समाजात अश्राफ, अज्लाफ आणि अर्जाल असे थर आहेत, परदेशातून आल्याचा वारसा सांगणारे वर आणि इथल्या कारागीर, कष्टकरी जातींतून आलेले खाली बसवले गेले, हे या शब्दाने उघडपणे मांडले. धर्मात सगळे समान असताना समाजात आपण मागे का, हा प्रश्न ज्यांचा होता, त्यांनीच तो शब्द निवडला. हैदराबाद संस्थानात दलित समाजांसाठी 'पस्त अक्वाम' असा शब्दप्रयोग होता. 'पस्त' म्हणजे खालचा, खचलेला. 'पस्त' आणि 'पसमांदा' कानाला जवळचे वाटतात, परंतु एकात उंची मोजलेली आहे आणि दुसऱ्यात वाटचाल. एक शब्द वरून खाली पाहणाऱ्याने दिलेला आहे, दुसरा मागे राहिलेल्याने स्वतः घेतलेला आहे. व्याकरण तपासले तर 'मांदन' हेही राहणे या अर्थाचे अकर्मक क्रियापद आहे, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. कोणी मागे ठेवले, हे तोही शब्द सांगत नाही. तरीही मागे राहिलेल्याच्या स्वतःच्या तोंडी तो आरोप असतो आणि दुसऱ्याच्या तोंडी कणव, एवढा फरक मला दिसतो, आणि तो मोठा आहे.

याद्यांविषयी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा, पंजाबातल्या काही शीख जाती सोडल्या तर, केवळ हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली बाकीचे शीख दलित आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. मुसलमान आणि ख्रिस्ती दलित अजूनही बाहेर आहेत. मराठवाड्यात १९५६ नंतर गावेच्या गावे बौद्ध झाली. महाराष्ट्र शासनाने नवबौद्धांना सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या यादीत ती माणसे चौतीस वर्षे नव्हती. ज्यांनी माणूस म्हणून आयुष्यातले सर्वांत मोठे पाऊल पुढे टाकले, त्यांना यादीने त्याच दिवशी वगळले. माझ्या पिढीतल्या कित्येक मित्रांची उमेदीची वर्षे या चौतीस वर्षांत गेली, हे मी जवळून पाहिले आहे.

माणसांचा शब्द प्रदेशालाही चिकटतो. 'मागासलेला मराठवाडा' हा जोडशब्द आम्ही इतक्या भाषणांत ऐकला की तो एकच शब्द वाटावा. १९८० च्या सुमारास मी पुढे शिकायला पुण्याला गेलो, तेव्हा परभणीहून निघालेली मीटरगेजची गाडी मनमाडला संपत असे. सामान डोक्यावर घेऊन उतरायचे आणि रुंद रुळांवरची दुसरी गाडी धरायची. पुण्यात माझ्या 'करायलो', 'जायलो' या बोलण्यावरून एका वर्गबंधूने "तुमच्याकडे सगळंच मागास" असे म्हटले, तेव्हा मला मनमाडचा तो फलाट आठवला. आमची गाडी हळू नव्हती; रूळच तिथपर्यंत होते. ते रुंद करून मागण्यासाठी मराठवाड्यातल्या मुलांनी १९७४ च्या आंदोलनात लाठ्या खाल्ल्या होत्या. त्या वेळी हे त्याला सांगायचे मला सुचले नाही.

या प्रदेशाच्या बाबतीत मात्र मराठीने एक चांगला शब्द घडवला, तो 'अनुशेष'. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवटीतून सुटलेला हा भाग १९५६ साली मुंबई राज्यात आला; बिनशर्त आला, असे आमच्याकडे अजूनही सांगितले जाते. मराठी भाषिक भागांतल्या नेत्यांनी एकत्र येण्यासाठी केलेल्या १९५३ च्या नागपूर करारात न्याय्य वाटपाचे शब्द लिहिलेले होते. ते किती पाळले गेले, हे मोजायला तीस वर्षे लागली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ साली समिती बसली. रस्ते, सिंचन, गावांचे विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पिण्याचे पाणी अशा नऊ क्षेत्रांत राज्याची सरासरी काढायची आणि जिल्हा त्या सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा अनुशेष धरायचा, अशी तिची रीत होती. १९८४ च्या अहवालात साऱ्या राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये निघाला. त्यात मराठवाड्याचे सुमारे ७५१ कोटी होते. पुढे १९९४ साली विकास मंडळे आली, नव्याने मोजणी झाली आणि मराठवाड्याचा आकडा सुमारे ४,००५ कोटींवर गेला. मधल्या दहा वर्षांत किमती वाढल्या हे खरे, आणि दोन मोजण्यांची तुलना सरळ करता येत नाही हेही खरे. परंतु भरून काढायचे म्हटलेले भरले नाही, एवढे तर त्यावरून दिसते. सरासरीची रीतही मला कधी पुरती पटली नाही. पुढचे पुढे धावत राहिले की सरासरीही पुढे सरकते, आणि मागच्याने कितीही पावले टाकली तरी अंतर तेवढेच दिसते.

असे असले तरी 'अनुशेष' हा शब्द मला जवळचा वाटतो. शेष म्हणजे उरलेले. अनुशेष म्हणजे द्यायचे राहून गेलेले. जिथे द्यायचे राहिले तिथे देणारा कोणी तरी आहे, हे त्या शब्दातच गृहीत आहे. मागासलेला मराठवाडा म्हटले की आम्ही वाळलेले झाड होतो आणि मराठवाड्याचा अनुशेष म्हटले की आम्ही सावकाराच्या वहीत उलट्या बाजूने लिहिलेले घेणेकरी होतो. प्रदेशाला हा शब्द मिळाला. जातींना तो कधी मिळाला नाही. नोकऱ्यांत मागासवर्गीयांची भरावयाची राहिलेली पदे मोजताना शासन अनुशेष हा शब्द वापरते, परंतु तिथे तो पदांचा असतो, माणसांचा नसतो. आठवीतल्या त्या मुलाला शिष्यवृत्ती ही त्याचा अनुशेष म्हणून दिली गेली असती, तर तो आनंदाने रांगेत उभा राहिला असता असे मला वाटते. कदाचित हे माझे शिक्षकी भाबडेपण असेल. शब्द बदलल्याने वही बदलत नाही, हे अठ्ठावीस वर्षे मीही पाहिले आहे.

मामूंच्या बातमीचा मजकूर मी शेवटी असा केला. 'येथील जुने गादी कारागीर' अशी सुरुवात केली, नाव लिहिले, वय लिहिले, आणि "त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, नातवंडे असा परिवार आहे" असे लिहून कागद त्यांच्या मुलाकडे दिला. त्याने तो दोनदा वाचला. "नातीचं लिहा नं सर, ती नर्सिंग करायली म्हणून. अब्बांना लई कौतुक होतं." बातमीत असे लिहीत नाहीत, हे मला माहीत होते. मी लिहिले. वर्तमानपत्राने ते वाक्य गाळले.

धाकटा मुलगा गादीचे काम करत नाही. फोमच्या गाद्या आल्यापासून त्या कामावर घर चालत नाही, म्हणून त्याने आमच्या गावाकडची तीन एकर जमीन बटईने केली आहे. ती आमच्याच भाऊबंदांची. यंदा मृग गेला, आर्द्रा गेली, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याचा मला फोन आला. आदल्या रात्री तिकडे बरा पाऊस झाला होता आणि वाफसा दोन दिवसांत येईल असे त्याला वाटत होते.

"सर, मागास पेरावं का आता? का राहू द्यावं?"

दुबार बियाण्याला पैसे आहेत का, ते मी आधी विचारले. मग जमीन किती इंच भिजली ते विचारले. मूग-उडदाचे नाव काढू नको म्हणालो, सोयाबीन पेरायचे तर वाफसा येताच पेर, नाहीतर तूर आणि बाजरी धर. तिफण कुणाची मिळते, ते मी भावाला फोन करून पाहतो म्हणालो. त्याने पलीकडून तिथल्या कुणाला तरी ओरडून सांगितलेले मला ऐकू आले, "सर म्हणायलेत तूर धर म्हणून. मागास हाय, पण तूर सोसती."